चोचीचे भिक्खू आणि भाड्याने मिळणारा बुद्ध

प्रश्न: मी नागपूरचा. आजोबांपासून आमचं घर बौद्ध. गेल्या महिन्यात थायलंडला जाऊन आलो. उतरल्या उतरल्या ‘बुद्ध ही सजावटीची वस्तू नाही’ असा भलामोठा फलक दिसला आणि दुसऱ्याच दिवशी बाजारात बुद्धाचे ताईत ढिगाने मांडलेले. तिथल्या एका मित्राने मोबाइलवर एक चित्र दाखवलं, त्यात भिक्खूंना कावळ्याच्या चोची होत्या. मला राग आला, पण चित्र डोक्यातून जात नाही. श्रद्धेच्या बाजारावर बोलणारी ही कला नेमकी कोणाच्या बाजूची? आणि मी आईसाठी आणलेली लहान पितळी मूर्ती, तीही त्याच बाजारातली का?

उत्तर:

जय भीम. मूर्तीचं शेवटी बोलू, आधी चित्राचं.

मी कुठून बोलते तेही सांगून टाकते, म्हणजे माझ्या मताला किती भाव द्यायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकले, पण पोट भरलं ते दुसऱ्यांची चित्रं टांगण्यावर. पेट्या उघडायच्या, वस्तू कुठल्या अवस्थेत आली ते कागदावर लिहायचं, खिळा कुठे ठोकायचा ते ठरवायचं, विम्याचे आणि कस्टमचे कागद सांभाळायचे. या कामातली अठरा वर्षं बँकॉक आणि चिआंग माईमध्ये गेली. समीक्षक कलाकृती बघतात, आम्ही ती उचलतो. भिंतीवर लागल्यावर जे दिसत नाही ते कधीकधी उचलताना हाताला लागतं.

थाई भाषेत या सगळ्या प्रकाराला एक शब्द आहे, ‘फुत्थ-फानित’. कानाला परका वाटतो, पण फोडून पाहिला तर आपलाच: बुद्ध-वाणिज्य. तिथली वर्तमानपत्रं तो सर्रास वापरतात. ‘पुण्य’ या कल्पनेला ते ‘बुन’ म्हणतात, दानाला ‘थान’, संघाला दिलेल्या दानाला ‘संघथान’. आणि ताईत किंवा मूर्ती ‘विकत घेतली’ असं सहसा कोणी म्हणत नाही. क्रियापद वेगळं आहे, ‘चाओ’, म्हणजे भाड्याने घेणं. बुद्ध विकत कसा घेणार, म्हणून भाड्याने. पैसे तेवढेच मोजायचे, घासाघीसही तशीच करायची, वस्तू मात्र परत करायची नाही. अठरा वर्षांत मी त्या भाषेतले कितीतरी शब्द शिकले, पण त्या देशाची अडचण एवढ्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा शब्द मला सापडला नाही. लोकांना ठाऊक आहे की इथे काहीतरी अवघड जागेचं दुखणं आहे. म्हणून तर क्रियापद बदललं.

तुम्ही पाहिलेला बाजार बहुतेक था फ्रा चानचा असावा, नदीकाठचा, वाट महाथातच्या मागचा. (‘वाट’ म्हणजे विहार.) तिथे डोळ्याला भिंग लावून मातीचा इंचभर तुकडा तासन्‌तास निरखणारी माणसं बसलेली असतात. १९व्या शतकातले सोमदेत तो नावाचे महाथेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, बँकॉकच्या वाट राखांगचे. त्यांनी केलेल्या ताइतांना आज घराच्या किमतीएवढी किंमत येते, आणि त्यांच्या नकलांवर दुसरा एक बाजार पोसला जातो. ताइतांची मासिकं निघतात, स्पर्धा होतात, अस्सलपणाचे दाखले मिळतात. थोडं पुढे मोठ्या झोपाळ्याच्या चौकाजवळ बाम्रुंग मुआंग रस्त्यावर ओळीने मूर्तींची दुकानं आहेत. पुरुषभर उंचीचे सोनेरी बुद्ध प्लास्टिकमध्ये गुंडाळून फुटपाथवर उभे असतात, टेम्पोची वाट बघत. आपल्याकडे गणपतीच्या आधी पेणहून मूर्ती निघतात तेव्हाचं दृश्य आठवा; फरक इतकाच की हे बाराही महिने चालतं.

आणि बादल्या. भगव्या प्लास्टिकच्या बादलीत साबण, टूथपेस्ट, माशाचा डबा, उदबत्त्या, चहा आणि चीवराच्या, म्हणजे भिक्खूच्या वस्त्राच्या, नावाखाली एक आखूड कापड. वरून पारदर्शक कागद. हे तयार संघदान. सुपरमार्केटमध्येसुद्धा मिळतं. भिक्खूंना काय लागतं याचा विचार करण्याचे कष्ट वाचतात. खालच्या भागात कागद कोंबून वर चार वस्तू रचल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की बादलीवर आतल्या मालाची यादी लावणं भाग पडलं. काही वाटमध्ये तीच बादली दिवसभर फिरते: तुम्ही दानपेटीत पैसे टाकता, बादली उचलता, भिक्खूंना देता, ती मागच्या दाराने परत टेबलावर येते. हसू येतं, पण जरा थांबा. भिक्खूला तिसावी बादली नकोच असते. पैशातून निदान विजेचं बिल भरलं जातं. फिरणारी बादली हा लबाडीचा प्रकार आहे की शहाणपणाचा, यावर मी आणि माझे थाई सहकारी अनेकदा भांडलो आहोत.

आता ते वर्ष बघा ज्या वर्षी तुमचं चोचीचं चित्र गाजलं: २००७. दक्षिण थायलंडमधल्या नखोन सी थम्मरात या जुन्या शहरात १९८७ साली ‘जतुकाम रामथेप’ नावाचे बशीएवढे गोल ताईत पहिल्यांदा काढले गेले. त्यामागे खुन फन्थरक नावाचे एक नामांकित पोलीस अधिकारी होते, मंत्रतंत्राबद्दल प्रसिद्ध. ते २००६ मध्ये वारले, पुढच्या फेब्रुवारीत त्यांचा अंत्यविधी झाला, आणि ताइतांचे भाव असे चढले की देश वेडा झाला. वाटमागून वाट आपापली आवृत्ती काढू लागले. छतं दुरुस्त झाली, शाळा बांधल्या गेल्या, जाहिरातींचे फलक महामार्गावर लागले. आवृत्त्यांना नावं काय? एकीचं नाव ‘खोत सेट्ठी’. यातला सेट्ठी म्हणजे आपला शेठ, आणि खोत म्हणजे गोत्र, बोलीत ‘सात पिढ्यांचा, अस्सल’ अशा अर्थाने. एप्रिल २००७ मध्ये नोंदणीच्या कुपनांसाठी झालेल्या रेटारेटीत एका बाईचा चेंगरून जीव गेला. वर्ष सरता सरता भाव कोसळले आणि ज्यांनी पेट्याच्या पेट्या भरून ठेवल्या होत्या ते त्या पेट्यांसकट बसले.

त्याच वर्षी ५३व्या राष्ट्रीय कला प्रदर्शनात अनुपोंग चान्थोर्न या तरुण चित्रकाराला सुवर्णपदक मिळालं. चित्राचं नाव ‘भिक्षु सन्दान का’: कावळ्याच्या स्वभावाचे भिक्खू. रंगवलंय चीवराच्या कापडावर. दोन भिक्खू, तोंडाच्या जागी चोची, आणि भिक्षापात्रातल्या ताईत-गंड्यांसाठी झोंबाझोंबी. भिक्खू आणि उपासकांच्या संघटना प्रदर्शन भरवणाऱ्या सिल्पाकोर्न विद्यापीठापुढे निदर्शनं करायला जमल्या, पदक काढून घ्या म्हणाल्या. विद्यापीठाने काढलं नाही.

तुम्हाला राग आला तसाच त्यांनाही आला. पण चित्रकाराचा बचाव असा होता की ही उपमा आपली नव्हे, ग्रंथातली आहे. आणि ते खरं आहे. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात, दसक निपात म्हणजे दहांच्या भागात, ‘काक सुत्त’ म्हणून एक लहानसं सुत्त आहे. कावळ्याचे दहा दुर्गुण सांगितलेत: तो धीट, उद्धट, हावरा, खादाड, क्रूर, निर्दय, दुबळा, कर्कश, विसराळू आणि साठेबाज असतो, आणि पापी भिक्खूही या दहा दुर्गुणांनी असाच युक्त असतो, असं बुद्ध म्हणतात. शेवटचा शब्द पालीत ‘नेचयिक’ आहे, साठवून ठेवणारा. म्हणजे २००७ मध्ये पेट्या भरून ठेवणाऱ्यांचं वर्णन दोन हजार वर्षांपूर्वीच करून ठेवलेलं होतं. अनुपोंगने त्याला चोच काढली. तुम्ही तर नागपूरचे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी भिक्खूबद्दल सरळ विचारलंय की त्याला निर्माण करण्यामागे बुद्धांचा हेतू काय होता, परिपूर्ण माणूस घडवणं की समाजाचा सेवक घडवणं. भिक्खूला प्रश्न विचारणं म्हणजे बुद्धाचा अपमान, हे समीकरण तुमच्या घरात तरी चालायला नको.

मात्र एक कबुली देते. मला स्वतःला हे चित्र पहिल्या प्रतीचं वाटत नाही. हात तयार आहे, राग खरा आहे, चीवरावर रंगवण्याची युक्ती तर अफलातून. तरी त्याच्यापुढे उभी राहिले की मला फार सोपं वाटतं. दोष सगळा त्या दोघांचा. पाहणारा मी निर्दोष, बाहेर उभा, मान हलवणारा. पण पात्रात ताईत आले कुठून? ते मागणारा, त्यांच्यासाठी रांगेत चेंगरणारा, ‘खोत सेट्ठी’ नाव वाचून खिशात हात घालणारा माणूस चित्रात नाहीच. या विषयावरची कुठलीही कलाकृती आमच्याकडे आली की मी आधी तोच शोधते: यात गिऱ्हाईक कुठे बसवलंय?

इथे जरा नाशिकला येऊ, कारण आपल्याकडे एक भाबडी समजूत फार आहे की पूर्वी धम्म शुद्ध होता आणि पैसा नंतर शिरला. पांडवलेण्यात १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने संघाला ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) दिले. पैसे सरळ हातात दिले नाहीत. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेव म्हणून ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंच्या चीवरांचा आणि इतर बारीकसारीक गरजांचा खर्च. बँकेची पावती म्हणावी असा हा मजकूर दगडात कोरलाय. कार्ल्याच्या चैत्यात वैजयंतीच्या भूतपाल शेठजीने ‘जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह’ म्हणून आपलं काम कोरून ठेवलंय. व्यापारी, विणकर, यवन (म्हणजे ग्रीक), सगळ्यांची नावं खांबांवर आहेत. सह्याद्रीतली लेणी घाटरस्त्यांच्या तोंडाशी उगीच नाहीत. त्यामुळे ‘श्रद्धेला पैशाचा स्पर्श झाला’ एवढंच रडगाणं गाणारी कला मला पटत नाही. उषवदातालाही पुण्य हवंच होतं. पण त्याच्या लेखात मूळ रक्कम किती, कोणाकडे, कुठल्या दराने आणि कशासाठी, हे येणाराजाणारा वाचू शकतो. ‘खोत सेट्ठी’च्या जाहिरातीत या चारपैकी एकही गोष्ट नव्हती, होतं फक्त परताव्याचं आश्वासन.

पैशाकडे इतक्या बारकाईने पाहणारं एक काम चिआंग माईच्या कामिन लर्तचायप्रसर्त यांचं आहे. त्यांनी आधी १९९३ ते १९९५ मध्ये वर्तमानपत्रांच्या लगद्यातून ३६६ आकृती केल्या होत्या, रोजच्या बातम्यांतून आपल्याला काय कळलं ते लिहून. मग २००४ ते २००६ मध्ये ‘सिटिंग (मनी)’. चलनातून काढून टाकलेल्या, बारीक कातरलेल्या बाटच्या (थाई चलनाच्या) नोटांचा लगदा करून त्यांनी बसलेल्या ३६६ लहान आकृती केल्या. जवळून पाहिलं की लगद्यात नोटांच्या रंगाचे तंतू दिसतात. प्रत्येक आकृतीची बैठक निराळी. हा पैसा एकेकाळी खरा होता, त्यावर कोणी भाजी घेतली असेल, कोणी ताईत ‘भाड्याने’ घेतला असेल. आता त्याला बाजारात शून्य किंमत आहे आणि तो मांडी घालून बसलाय. यात कोणावर आरोप नाही. पण मांडलेल्या ओळींपुढून चालताना तुमच्या खिशातल्या पाकिटाचं वजन तुम्हाला जाणवतं. आणि अर्थात या आकृतींना कलाबाजारात आता पुन्हा किंमत आली आहे, त्या नोटांच्या मूळ किमतीपेक्षा कितीतरी जास्त. कामिन यांना हे कळत नसेल असं समजायचं कारण नाही.

कापडावर भरतकाम करणारे बँकॉकचे जक्कई सिरिबुत्र (नाव फोडा: श्रीपुत्र) यांनी २०१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये केलेल्या प्रदर्शनाचं नावच ‘कर्मा कॅश अँड कॅरी’ होतं. पुण्य घाऊक दुकानातून रोखीने उचलून न्यावं, तसं. त्यांच्या कामात सुईचे टाके हजारांनी असतात, आणि विषय मात्र झटपट मिळणाऱ्या फळाचा. तो विरोध मला आवडतो.

ज्यांना ‘टीका’ हा शब्दच लागू होत नाही असेही आहेत, मोन्तियन बुन्मा (१९५३–२०००) यांच्यासारखे. ‘बुन्मा’ या आडनावाचा अर्थ ‘पुण्य आलं’. पत्नी कर्करोगाने गेली, पुढे तेही त्याच वाटेने गेले. त्यांनी अखेरच्या वर्षांत ‘मोल्ड्स फॉर द माइंड’ नावाचं काम केलं: बुद्धाच्या मस्तकाचे मोठे साचे. मूर्ती नाहीच, फक्त साचा, आत पोकळी. तुम्ही त्याखाली जायचं आणि आपलं डोकं त्या पोकळीत घालायचं. नाक, ओठ, पापण्या, सगळं उलटं, आतल्या बाजूने. आणि वनौषधींचा वास. बाम्रुंग मुआंग रस्त्यावरचा प्रत्येक सोनेरी बुद्ध कुठल्या ना कुठल्या साच्यातून आलेला असतो. कारखान्याला त्या पोकळीत धातू ओतायचा असतो. मोन्तियन यांनी ती माणसाच्या डोक्यासाठी मोकळी ठेवली. या विषयावरचं सगळ्यात खोल काम मला हेच वाटतं, आणि बाजाराचा त्यात उल्लेखही नाही.

पुढच्या खेपेला चिआंग राईला जा. वाट रोंग खुन, ज्याला पर्यटक ‘पांढरं मंदिर’ म्हणतात. चलर्मचाय खोसितफिफत या चित्रकाराने १९९७ पासून स्वतःच्या पैशाने ते बांधायला घेतलं, अजून बांधतोय. (त्याआधी १९८०च्या दशकात लंडनच्या विम्बल्डनमधल्या बुद्धपदीप विहाराच्या भिंती रंगवणाऱ्यांपैकी तो एक; त्या चित्रांत मार्गारेट थॅचरसुद्धा आहेत.) पुलाखालून शेकडो हात वर येतात, हावरे, काही मागणारे. त्या हातांवरून चालत तुम्ही आत शिरता. आतल्या भिंतीवर बुद्धाच्या समोरच्या बाजूला सुपरमॅन, स्पायडरमॅन, न्यूयॉर्कचे जळते मनोरे. हावेवरचं हे भाष्य शाळकरी पोरालाही कळावं इतकं उघड आहे. बाहेर आलात की एक सोनेरी महाल दिसतो, तो स्वच्छतागृह आहे. पलीकडे पत्र्याची चंदेरी पानं मिळतात. नाव लिहायचं, टांगायचं, पैसे द्यायचे. परदेशी माणसाला तिकीट. दुकानात त्याच्या चित्रांच्या प्रती. आणि तरीही या माणसाने एक नियम केला: कोणाकडून १०,००० बाटपेक्षा जास्त देणगी घ्यायची नाही, म्हणजे मोठा देणगीदार येऊन हुकूम सोडणार नाही. आपल्याकडे किती देवस्थानं असा नियम करतील ते मनातल्या मनात मोजा. मला ते मंदिर भडक वाटतं, डोळे दुखतात. पण तिथे गिऱ्हाईक कुठे आहे हे शोधावं लागत नाही. हातात तिकीट घेऊन त्या हातांवरून चालणारे आपणच असतो.

अपमानाच्या प्रश्नाकडे येते. २०१९ मध्ये नखोन रात्चसीमाच्या एका विद्यार्थिनीने बुद्धाला अल्ट्रामॅन या जपानी मालिकेतल्या वीराच्या रूपात रंगवलं. बुद्धही जगाला वाचवणारा वीरच, असं तिचं साधं म्हणणं. चित्रं एका मॉलमध्ये लागली, गहजब झाला, तिला प्रांताच्या मुख्य भिक्खूंपुढे जाऊन रडत माफी मागावी लागली. लगेच त्याच चित्रांवर संग्राहकांच्या उड्या पडल्या आणि एक चित्र लाखो बाटला गेलं, धर्मादाय कामासाठी. तुम्ही पाहिलेला फलक ‘नोइंग बुद्धा’ या संस्थेचा. त्यांचा मुद्दा पाश्चात्त्यांच्या बारमधले बुद्ध, पायावरची गोंदणं, बाथरूममधल्या मूर्ती यांच्याविरुद्ध आहे आणि त्यात तथ्य आहे. मला खटकतं ते एवढंच की स्पामध्ये ठेवलेलं बुद्धाचं डोकं त्यांना दिसतं, ‘खोत सेट्ठी’ मात्र त्या फलकावर येत नाही. परक्याने केली की विटंबना, आपल्याने केली की परंपरा. हे काही फक्त थायलंडचं दुखणं नाही.

थायलंडबाहेरची दोनच नावं. ल्हासात जन्मलेला गोंकर ग्यात्सो बुद्धाची आकृती हजारो रंगीबेरंगी स्टिकरांनी भरून काढतो: कार्टून, ब्रँड, किंमतपट्ट्या. पारंपरिक थांग्क्याच्या, म्हणजे तिबेटी पटचित्राच्या, मापात नेमकी बसवलेली ती आकृती जवळ गेलं की बाजार होते, लांब गेलं की पुन्हा बुद्ध. आणि चीनचा झांग हुआन. तो शांघायच्या परिसरातल्या मंदिरांमधली उदबत्त्यांची राख गोळा करतो. २०१५ मध्ये त्याने सिडनीत २० टन राखेचा बुद्ध उभा केला. साच्यातून मोकळा झाल्यापासून तो रोज थोडा थोडा ढासळत होता. लाखो नवस त्या राखेत होते. ही राख वाहून नेण्याचे कागद कोणी आणि कसे केले असतील, हा विचार माझ्यासारखीच करणार.

आता आमच्या गॅलरीतला एक किस्सा, कारण तुमच्या ‘कोणाच्या बाजूची’ या प्रश्नाला माझ्याकडे याहून बरं उत्तर नाही. एका समूहप्रदर्शनात एका तरुण कलाकाराने संघदानाच्या साठ बादल्या मांडल्या होत्या. सगळ्या रिकाम्या, वर ताणून बसवलेला पारदर्शक कागद, त्याला मधोमध चीर. भिंतीवर एक वाक्य, पुण्याच्या पोकळपणाबद्दल. आमच्याकडे मांडणीचं काम करणारे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे ‘लुंग’ म्हणायचे, म्हणजे काका. पेटीत बुद्धाची प्रतिमा असेल तर ती उघडण्याआधी ते हात जोडायचे, आणि बुद्धाची कुठलीही प्रतिमा कंबरेच्या खाली किंवा स्वच्छतागृहाच्या भिंतीला लावू द्यायचे नाहीत. मोठमोठ्या क्युरेटरांनी वाद घातला तरी नाही. बादल्या मात्र त्यांनी मुकाट मांडल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका बादलीत वीस बाटची नोट होती. चौथ्या दिवशी नऊ बादल्यांत. लोक चीर बघून नोटा आत सारत होते, काही जण हात जोडत होते. कलाकार वैतागला, त्याने पाटी लावायला सांगितली, ‘कृपया पैसे टाकू नयेत.’ पाटी लावली, पैसे वाढले. आठवड्याने आमच्या हिशेबनीस बाई विचारायला आल्या की हे उत्पन्न कुठल्या खात्यात दाखवू. कलाकार म्हणाला, हा पैसा कलाकृतीचाच भाग आहे. गॅलरी म्हणाली, मग तो आमच्या जागेत जमलाय. लुंग एवढंच म्हणाले, ज्यांनी टाकला त्यांनी तुम्हा दोघांनाही दिलेला नाही. शेवटी तेच सगळे पैसे पिशवीत घालून गल्लीतल्या वाटमध्ये गेले आणि गॅलरीच्या नावाची रीतसर पावती घेऊन आले. कलाकाराने ती पावती पुढच्या प्रदर्शनात फ्रेम करून लावली. विकली गेली. किती बाटला ते सांगत नाही, पण बादल्यांत जमले होते त्याहून खूपच जास्त.

लुंगच्या गळ्यात स्वतःचा एक जतुकाम होता, बशीएवढा, २००७ मध्ये महिन्याच्या पगारात घेतलेला. भाव पडल्यावर पोरांनी त्यांची चेष्टा केली की काका, आता तर हा कोणी फुकटही नेणार नाही. ते म्हणायचे, नेऊ दे कशाला, भाडं भरलंय मी.

आता तुमची मूर्ती. हो, ती त्याच बाजारातली आहे, दुसरीकडून कुठून येणार? कायद्याचं सांगायचं तर गळ्यात घालायचे लहान ताईत सोबत नेले तरी कोणी अडवत नाही, पण मूर्ती देशाबाहेर न्यायची तर ललित कला खात्याचा परवाना लागतो, आणि बुद्धाचं नुसतं डोकं किंवा हात असले तुकडे नेऊच देत नाहीत. दुकानदाराने तुम्हाला हे सांगितलं नसेल. पुढच्या वेळी कागद मागून घ्या. बाकी त्यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही. आपल्याकडच्या कितीतरी विहारांतल्या मोठ्या मूर्ती थायलंडच्या उपासकांनी दान म्हणून पाठवलेल्या आहेत. तुमच्या वस्तीतल्या विहारात असेल तर बैठकीखाली वाकून बघा, बहुधा थाई अक्षरांत दात्याचं नाव सापडेल. भूतपाल शेठजीचं कार्ल्याला आहे, तसंच.

आईने मूर्ती ठेवली कुठे, ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. लुंग असते तर त्यांनी किंमत, दुकान, परवाना काहीच विचारलं नसतं. एवढंच विचारलं असतं की कंबरेच्या वर आहे ना?